रुग्णालयात हृदय बंद पडल्यास: सीपीआरचे खरे यश रुग्णाला आधीच सांगावे का?

धागाकर्ता (मेडिसिन विभागातील डॉक्टर):
दाखल रुग्णाचे हृदय बंद पडले, तर सीपीआरनंतर (छाती दाबून व कृत्रिम श्वास देऊन हृदय पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नानंतर) तो घरी परतण्याची शक्यता किती, हे त्याला तो शुद्धीवर असतानाच सांगितले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतील अलीकडच्या नोंदींनुसार अशा चार रुग्णांपैकी साधारण एकच जिवंत घरी जातो; उलट १९९६ साली तिथल्याच दूरचित्रवाणी मालिका तपासल्या गेल्या, तेव्हा पडद्यावरचे ६७ टक्के रुग्ण वाचलेले दिसले. १९९४ च्या एका अभ्यासात वृद्धांपैकी ४१ टक्के तीव्र आजारात सीपीआर हवा म्हणत होते, आणि खरी शक्यता समजल्यावर असे म्हणणारे २२ टक्केच उरले. न सांगता घेतलेल्या संमतीला मी संमती मानत नाही.

अतिदक्षता विभागातील परिचारिका:
डॉक्टर, मी पूर्णपणे असहमत आहे. आपण सरासरी सांगता, पण पलंगावर सरासरी झोपलेली नसते. ज्यांना विजेचा झटका लागू पडतो, अशा रुग्णांच्या २००८ च्या अभ्यासात झटका २ मिनिटांच्या आत मिळालेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के घरी गेले आणि उशीर झालेल्यांपैकी सुमारे २२ टक्के. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात रात्री हृदय बंद पडलेल्यांपैकी जेमतेम १५ टक्के वाचले, दिवसा व संध्याकाळी २० टक्के. आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही उरणारा हा फरक मनुष्यबळाचा, सरावाचा आणि मॉनिटरकडे कोणाचे लक्ष आहे याचा आहे. तो कमी करण्याऐवजी रुग्णापुढे निराश करणारा आकडा ठेवायचा, हे मला आपली जबाबदारी त्याच्या गळ्यात घालण्यासारखे वाटते. (छातीदाब ५ सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे दोन मिनिटे सलग करून पाहिलेल्याला माणसे पुरेशी असण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.)

एका रुग्णाची मुलगी:
माझ्या वडिलांचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात होता. त्यांना काय हवे, हे कोणी त्यांना विचारले नाही. मध्यरात्री ते मला विचारले गेले, आणि मी ‘सगळे करा’ म्हणाले. ते चार दिवस व्हेंटिलेटरवर राहिले, बरगड्या मोडलेल्या अवस्थेत. तो निर्णय त्यांचा होता, आणि तो मी घेतला.

धागाकर्ता:
सिस्टर, सरासरीबाबतचा आपला आक्षेप मला मान्य आहे. आकडा त्या रुग्णाच्या वयाला आणि आजाराला धरूनच सांगायला हवा. परंतु रुग्णालयात हृदय बंद पडणाऱ्या बहुसंख्यांमध्ये झटका लागू पडेल असा हृदयाचा ताल मुळात नसतो, आणि तिथे वाचण्याचे प्रमाण बरेच कमी आहे. केवळ वेगाने ते बदलणार नाही. शिवाय सीपीआर नको म्हणणे म्हणजे उपचार नको म्हणणे नव्हे, हेही त्याच बैठकीत स्पष्ट करता येते.

अतिदक्षता विभागातील परिचारिका:
कागदावर ते स्पष्ट असते, परंतु ‘सीपीआर नको’ अशी नोंद असलेल्या रुग्णाकडे फेऱ्या कमी होताना मी पाहिल्या आहेत. वरील ताईंच्या वडिलांना विचारायलाच हवे होते, यात मला शंका नाही. मात्र ज्याचा आजार बरा होण्याजोगा आहे, त्याच्याशी हे बोलणे दाखल होतानाच्या अर्जातील एका चौकटीत उरकले जाणार असेल, तर माझा विरोध कायम आहे.