मदत हवी आहे: वेल्समधल्या एका खोऱ्याचे जुने फोटो. आधी स्कॅन की आधी नावं?

नमस्कार मंडळी,

एरवी मी वाचनमात्र असते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय. कुलवृत्तांताचं काम केलेलं, गावाचा इतिहास लिहिलेलं किंवा जुन्या फोटोंच्या जतनाचं काम करणारं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

मी मूळची चिपळूणची. गेली अकरा वर्षं पश्चिम वेल्समध्ये, केरेडिगिऑन परगण्यात टायवी नदीच्या खोऱ्यात राहते. लँपिटर आणि ट्रेगॅरन ही बाजाराची गावं, बाकी सगळी मेंढ्यागुरांची शेतं. आमच्या वाडीतलं चॅपल (छोटं प्रार्थनाघर) बंद झालं तेव्हा मागच्या खोलीतल्या कपाटात बिस्किटांचे पाच पत्र्याचे डबे निघाले. साधारण सहाशे फोटो, फिल्मच्या निगेटिव्हची काही पाकिटं, चाळीसेक काचेच्या निगेटिव्ह आणि तीन अल्बम. गावच्या हॉलच्या समितीत मीच त्यातल्या त्यात तरुण (वय ४७!), शिवाय घरी स्कॅनर. त्यामुळे डबे आमच्या जेवणाच्या टेबलावर आणि आम्ही सोफ्यावर ताटं घेऊन.

पहिल्याच डब्यातला एक फोटो सांगते. शेतघराचं अंगण, सव्वीस माणसं, पुढच्यांच्या मांडीवर कात्र्या, कडेला भलीमोठी किटली दोघींत धरून उभ्या असलेल्या मुली. मागे पेन्सिलीने एकच शब्द: क्नाइव्यो, म्हणजे लोकर कातरणी. आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच. आज सगळे शेजारी याच्या शेतावर, उद्या त्याच्या. नाव मात्र एकाचंही नाही.

फोटो इथल्याच एका नव्वदीच्या आजींकडे नेला. त्या माणसांकडे बघेनातच. गोठ्याच्या दारावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे टी माउर." टी माउर म्हणजे मोठं घर. मग पुढ्यात बसलेल्या कुत्र्याचं नाव सांगितलं. कुत्र्यावरून मालक, मालकावरून त्याचे भाऊ, असं करत अर्ध्या तासात चौदा नावं निघाली. इथे जो तो जोन्स, डेव्हिस नाहीतर इव्हान्स, त्यामुळे आडनावाचा उपयोग शून्य. ओळख शेताच्या नावाने, आपल्याकडे 'वरच्या घरचा बाळू' म्हणतात तशी.

आता रडगाणं. खोऱ्यातली खडानखडा माहिती असलेले एक आजोबा फेब्रुवारीत गेले. त्यांना दाखवायचे फोटो मी तोवर 'नीट स्कॅन करून, क्रमांक घालून मग नेऊ' म्हणत घरी ठेवले होते. तेव्हापासून हाच प्रश्न डोक्यात आहे: आधी स्कॅन पूर्ण करायचं, की जसे आहेत तसे डबे उचलून घरोघरी जायचं? फोटो हाताळून खराब होतील ही भीती आहेच. पण नाव सांगणारं माणूस नसेल तर त्या सहाशे चकचकीत फाइली घेऊन मी काय करू?

इथले लोक म्हणतात, ट्रिवेरिनचं निदान बघायला तरी मिळतं. ते उत्तरेकडचं खोरं. लिव्हरपूलच्या पाण्यासाठी धरण बांधून १९६५ मध्ये त्यातलं कापेल केलिन हे गाव बुडवलं. (कोयना-मुळशीवाल्यांना वेगळं सांगायला नको.) गाव उठत होतं तेव्हा जेफ चार्ल्स हा वृत्तपत्र छायाचित्रकार तिथे होता. त्याच्या सुमारे १,२०,००० निगेटिव्ह आज अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्याच १९६५ मध्ये आमच्या खोऱ्यातली प्रवासी रेल्वे बंद झाली. मग कुठे शाळा, कुठे दुकान, आता चॅपल. गाव रोज थोडंथोडं रिकामं होत असेल तर कॅमेरा घेऊन कुणी येत नाही. गंमत म्हणजे जुन्या वेल्सचे फोटो ज्याच्यामुळे आज बघायला मिळतात तो जॉन थॉमस (१८३८–१९०५) याच खोऱ्यातला, लँपिटरजवळच्या केल्लानचा. त्याच्या तीन हजारांवर काचेच्या प्लेटा त्याच ग्रंथालयात आहेत. आमच्या डब्यात त्याचं काही असेल असं मला वाटत नाही, समितीला मात्र ठाम वाटतं.

माझ्या हातून एक घोळ झालाय, तोही सांगते. एका काचेच्या प्लेटवर बुरशी होती. कोकणातली सवय, ओलसर फडकं घेतलं आणि पुसलं. काचेवर चित्र धरून ठेवणारा जो थर असतो, ते जिलेटिन बुरशीने आधीच खाल्लेलं असतं, ते पाणी लागताच विरघळतं, हे नंतर कळलं. चॅपलच्या पायरीवरच्या रांगेतलं डावीकडचं तिसरं माणूस फडक्यावर आलं. उरलेल्या प्लेटा तशाच ठेवल्यात. त्यांचं काय करू?

अल्बमचं दुखणं वेगळं. सत्तरच्या दशकातले, चिकट पान आणि वर प्लास्टिक. एक फोटो ओढून पाहिला, कोपरा दुमडायला लागला, हात आखडता घेतला.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट. रविवारच्या शाळेच्या सहलीच्या एका फोटोत एका पुरुषाचा चेहरा टाचणीने खरवडून काढलाय. आजींना विचारलं तर म्हणाल्या, "नाव सांगते, पण मी गेल्यावर लिही." कुलवृत्तांतवाल्यांनो, अशा नोंदी तुम्ही कुठे ठेवता? आणि दोन घरं एकाच माणसाची दोन वेगळी नावं सांगतात तेव्हा?

अपडेट: प्रतिसादांबद्दल खूप आभार. एवढ्या लोकांनी लिहिलं की वाचायला दोन रात्री लागल्या. जे पटलं आणि सुरू केलं ते लिहिते.

डबे घरोघरी न्यायचे नाहीत. फोनवर प्रत्येक फोटोची पुढची-मागची बाजू टिपली, दोन दिवसांत काम झालं. त्याचे मोठे प्रिंट काढून तेच नेते, लोक त्यावर खुशाल पेनाने नावं लिहितात. बोलणं परवानगी घेऊन रेकॉर्ड करते, वेल्शमध्येच, कारण इंग्रजीत विचारलं की उत्तरं आखूड होतात. जतनासाठीचं बारीक स्कॅनिंग (६०० डीपीआय, टिफ फाइली) सावकाश चालू राहील. दोन नावं आली तर दोन्ही लिहायची, कुणी केव्हा सांगितलं त्यासकट. हा सल्ला ज्यांनी दिला त्यांना साष्टांग नमस्कार. अल्बमची पानं आधी अख्खी स्कॅन करणार, मग दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवून बघणार, तोही बिनमहत्त्वाच्या फोटोवर. व्हिनेगरचा वास येणारी फिल्म वेगळी काढली. एकीचा वास दुसरीला लागून तीही खराब होते म्हणे.

नेटवर टाकायला पीपल्स कलेक्शन वेल्स ही दोन्ही भाषांतली साइट आहे, तिथे गावोगावचे गट आपापले फोटो चढवतात. पण छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो, तेव्हा स्टुडिओचा शिक्का असलेले फोटो तूर्त बाजूला.

खरवडलेल्या चेहऱ्याचं अजून ठरत नाहीये. बंद पाकिटात नाव लिहून समितीकडे द्यावं असं दोघांनी सुचवलंय, पण समितीतले तिघे त्याच घरातले आहेत. त्यावर कुणाला काही सुचलं तर सांगा. काचेच्या प्लेटा जाणकार भेटेपर्यंत कडेवर उभ्या करून, मध्ये कागद घालून ठेवल्यात. फडकं लपवलंय.