‘रिफ्लेक्स इंटिग्रेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: मी सोलापुरात लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. बाळपणीच्या आपोआप होणाऱ्या हालचाली (रिफ्लेक्स) मागे पडायला व्यायामांनी मदत करायची, ही ‘रिफ्लेक्स इंटिग्रेशन’ पद्धत; तिच्यावर पालकांसाठी मराठी पत्रक करतेय. ‘प्रतिक्षिप्त क्रियांचे एकात्मीकरण’ लिहिलं, तर एका आईनं विचारलं, “हे ऑपरेशन आहे का?” सोपा शब्द सुचवा. ट्रॉमासाठीही, म्हणजे भयंकर प्रसंगाचा मनावर राहिलेला परिणाम.

उत्तर: ताई, आधी क्रिया बघू. तान्ह्या बाळाचं डोकं जरा मागं गेलं की हात फाकतात, बोटं उघडतात, मग हात छातीशी येतात आणि रडू फुटतं. एर्न्स्ट मोरोनं 1918 मध्ये वर्णन केलेला हा रिफ्लेक्स. आपल्या घरात याला सरळ ‘बाळ दचकलं’ म्हणतात. चार-सहा महिन्यांत ते थांबतं, कारण मेंदूचा वरचा थर ताबा घेतो. पण ते पुसलं जात नाही. मुठीत धरण्याचा रिफ्लेक्सही असाच, मोठेपणी मेंदूला इजा झाली तर तो परत दिसू शकतो. म्हणून ‘नाहीसं होणं’ चूक. मी ‘जिरणं’ म्हणेन. जिरलेलं पाणी दिसत नाही, पण जमिनीत असतंच. दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रश्नकर्ती: काका, ‘मुरणं’ नको का?

उत्तर: नको. ‘पाणी कुठंतरी मुरतंय’ म्हटलं की संशय येतो. आणि ‘जिरवणं’ तर अजिबात लिहू नका. ‘तुझी जिरवतो’ ही धमकी आहे. मूल काही खोडी करत नाहीये. ‘दचकणं जिरायला मदत’ एवढंच लिहा.

प्रश्नकर्ती: पटलं. पूर्व भागातला सात वर्षांचा मुलगा येतो माझ्याकडे. यंत्रमागाच्या खटखटीत गाढ झोपतो, पण अपघात बघितल्यापासून कुकरची शिट्टी झाली की खांदे कानापर्यंत चढतात, मुठी वळतात. त्याची आजी घरात तेलुगू बोलते, मला मात्र मराठीत म्हणाली, “पोरानं धसका घेतलाय.”

उत्तर: मग ट्रॉमाचा शब्द आजींनीच दिला! ट्रॉमाला एरवी लिहितात तो ‘आघात’ म्हणजे बसलेला घाव. दचकणं क्षणाचं. धसका मात्र अंगात राहतो, शिट्टीसरशी वर येतो. एक कळकळीची विनंती: रिफ्लेक्स इंटिग्रेशननं धसका बरा होतो असं लिहू नका, तेवढा भक्कम पुरावा अजून नाही. मुलाला समुपदेशकाकडेही न्या.

प्रश्नकर्ती: नेतेय, काका. पत्रकात ‘बरा होतो’ होतं, ते आत्ताच खोडलं.