लहानपणीच्या रहस्यकथा, साहसकथा आणि भुताच्या गोष्टी : तुम्ही कुठे बसून घाबरलात?

मोगरा (धागाकर्ती)

यंदा सहावीत गेलेला माझा भाचा गेल्या रविवारी फास्टर फेणेचे पुस्तक वाचता वाचता थांबला आणि त्याने विचारले, "मावशी, हा ज्या फुरसुंगीचा आहे ती आपल्या हडपसरच्या पलीकडचीच ना?" मी हो म्हटल्यावर त्याने पुस्तक उपडे ठेवले, गॅलरीत जाऊन त्या बाजूच्या इमारती एकदा निरखून पाहिल्या आणि परत येऊन पुढचे पान उलटले. त्याच्या त्या एका प्रश्नाने माझे पुण्यातले सारे बालपण जागे झाले.

भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा आणि सायकलवर भन्नाट सुटणारा मुलगा. जिभेने 'ट्टॉक' असा आवाज काढण्याची त्याची लकब आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी उचलली होती आणि त्यापायी शिक्षाही भोगली होती. शनिवारवाड्याजवळून सायकल हाणत जाणाऱ्या प्रत्येक काटकुळ्या मुलाकडे मी कित्येक दिवस संशयाने पाहत असे. इंग्रजी साहसकथांतली बेटे, भुयारे आणि दीपगृहे यांतूनही मी मनसोक्त हिंडले. पण त्या भुयारांची भीती पुस्तक मिटले की पुस्तकातच राही, आणि फेणेच्या गोष्टीतला चोर मात्र आमच्या वाड्याच्या बोळापर्यंत येऊन उभा राहत असे. माझे मत असे की गोष्ट आपल्या पायाखालच्या जमिनीला लागली, की मग ती वाचकाला सोडत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की येथे केवळ पुस्तकांची यादी देऊ नये. अशी एखादी गोष्ट तुम्ही कुठे, कोणाबरोबर आणि कोणत्या वेळी वाचली किंवा ऐकली, आणि त्या गोष्टीने तुमच्या ओळखीच्या जागेचे काय केले, ते लिहावे.

पिंपळपान

फुरसुंगी म्हटले की आता लोकांना कचरा डेपो आठवतो, हे बनेशचे दुर्दैव. बाकी सवडीने लिहितो.

सागरगोटा

माझे आजोळ वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या शेजारचे. मे महिन्यात आम्ही मुले तिथे जमलो की मामाने जपून ठेवलेले 'चांदोबा'चे जुने अंक माळ्यावरून खाली येत, आणि मी अंक हातात आला की आधी विक्रम आणि वेताळाची गोष्ट काढीत असे. चित्रकार शंकर यांनी काढलेले ते शीर्षचित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल : उपसलेली तलवार हातात धरून स्मशानातून निघालेला राजा, त्याच्या खांद्यावर लोंबणारे प्रेत आणि भोवती कवट्या. सोमदेवाच्या कथासरित्सागरातल्या वेताळाच्या गोष्टी पंचवीसच. त्या संपल्यावरही मासिकाने नव्या गोष्टी रचून वेताळाला कित्येक दशके बोलते ठेवले. लहानपणी मला हे ठाऊक नव्हते. मला एवढेच कळत होते की राजाने तोंड उघडले की प्रेत पुन्हा झाडावर जाते, आणि वेताळाच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असून राजाने मौन पाळले तर डोक्याची शंभर शकले होतात, म्हणजे सुटका कोणत्याच बाजूने नाही.

माझी खरी अडचण निराळीच होती. आरवलीचा ग्रामदेव वेतोबा, म्हणजे वेताळच. माणसाहून उंच अशी ती मूर्ती, आणि देवळात नवसाच्या चामडी चपलांचे जोड, तेही कोणत्याही माणसाच्या पायाला होणार नाहीत एवढे मोठे. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, त्यामुळे चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. आजी मला त्या चपलांचे झिजलेले तळवे दाखवीत असे. दिवसा मी त्याच देवाला केळ्यांचा घड ठेवायला जात असे आणि रात्री न्हाणीघरापर्यंतच्या अंधारात त्याच्याच नावाने माझी दातखीळ बसत असे. शेवटी एकदा धीर करून मी आजीला अंकातले चित्र दाखवले आणि हा आपलाच का, असे विचारले. तिने चष्मा लावून चित्र नीट पाहिले आणि म्हणाली, "तो पुस्तकातलो. आमचो वेतोबा राखणदार आसा, तू कित्या घाबरतंस?"

तिच्या उत्तराने माझी भीती गेली असे म्हणता येणार नाही, परंतु तिची वाटणी झाली. झाडावरच्या वेताळाला मी देवळाच्या सीमेबाहेर काढले आणि रात्री अंगणात उतरताना मोठ्या चपलांची करकर ऐकू येते का, याकडे कान लावू लागले. ती ऐकू आली असती तर मला बरेच वाटले असते.

मोगरा

सागरगोटाताई, चपलांचे झिजलेले तळवे वाचून अंगावर काटा आला. मुलांसाठी लिहिणाऱ्या कोणीतरी हा राखणदार घेऊन साहसकथा लिहायला हवी.

पिंपळपान

ताई, तुमच्या गोंधळात तिसऱ्या वेताळाची भर घालतो. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला, कवटीच्या गुहेत राहणारा मुखवटेवाला फँटम हा मराठीत 'वेताळ' झाला होता. आमच्या गल्लीत वेताळाची शपथ घेतली की कोणत्या वेताळाची, हे आधी स्पष्ट करावे लागत असे.

निवृत्त वाचक

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. आमच्या काळी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मुलांसाठी नाहीत, असे सर्व वडीलधारे सांगत आणि स्वतः मात्र त्या वाचत. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे अर्नाळकरांचे मूळ नाव होते आणि त्यांच्या पुस्तकांची संख्या हजाराच्या वर गेली, ही माहिती मला पुष्कळ उशिरा मिळाली. तेव्हा आम्हाला त्यांच्या कथांतली झुंजार, काळापहाड आणि गुप्तहेर धनंजय एवढीच माणसे ठाऊक होती.

सर्क्युलेटिंग लायब्ररीचे भाडे दिवसावर असल्यामुळे एक पुस्तक एका दिवसात सबंध मजला फिरत असे. दुसऱ्या पाळीला गिरणीत जाणारे गृहस्थ ते सकाळी वाचून संपवीत, दुपारी ते बायकांकडे जाई आणि आम्हा मुलांच्या वाट्याला रात्री, जिन्यातल्या दिव्याखाली येई. एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी पायऱ्यांवर बसून ऐकायचे, असा रिवाज होता. जिन्याच्या खालच्या वळणावर दिवा नव्हता, त्यामुळे सर्वात खालच्या पायरीवर बसायला कोणी तयार होत नसे आणि ती जागा नेहमी सर्वात लहान मुलाच्या कपाळी येत असे.

एक अज्ञात दुष्ट वाचक दहाव्या-बाराव्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीने 'खुनी : मामा' असे लिहून ठेवीत असे. त्याचा शोध चाळीतल्या कोणत्याही धनंजयाला लागला नाही. अखेरीस शेजारच्या एका काकांनी टपाल तिकिटांच्या कडेला उरणाऱ्या डिंकाच्या पट्ट्या जमवायला सुरुवात केली. पुस्तक आले की ते आधी स्वतः चाळीत आणि त्या ओळीवर पट्टी चिकटवून मगच पुढे देत. अर्थात पट्टी दिसली की आम्ही ती उजेडाकडे धरून पाहत असू.

पिंपळपान

काका, तो गृहस्थ पुढे आमच्या नाशिकच्या वाचनालयाचा सभासद झाला असावा. आमच्याकडे तो शाईने लिहीत असे.

आता माझा अनुभव. भयकथा लिहिणारे नारायण धारप मी वयाच्या मानाने फार लवकर वाचले. त्यांच्या कथा लहानांसाठी लिहिलेल्या नाहीत आणि मी माझ्या मुलाला त्या इतक्यात देणार नाही. तरीही एक गोष्ट नोंदवतो. ज्या कथांमध्ये समर्थ हा त्यांचा दुष्ट शक्तींशी लढणारा नायक येतो त्या वाचून मला झोप लागत असे, कारण कितीही अभद्र प्रकार घडला तरी त्याला अडवणारा कोणीतरी आहे, ही खात्री तिथे मिळे. ज्या कथांमध्ये तसे कोणी येत नसे, त्या वाचल्यावर मात्र आमच्या माडीवरची बंद खोली मी दिवसाही टाळत असे. मुलांसाठी भयकथा निवडताना ही खूण मला उपयोगी वाटते.

दूरदेशी

अमेरिकेत आमच्या गावी शनिवारी भरणाऱ्या मराठी शाळेत मी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. मुंज झाल्यानंतर सोडमुंजीआधी मरण पावलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, एवढे समजावून देण्यात माझा अर्धा तास गेला, कारण वर्गातल्या बहुतेक मुलांनी मुंजही पाहिलेली नव्हती आणि पिंपळही. मला वाटले की गोष्ट फसली. पुढच्या शनिवारी मात्र दोन मुली शाळेच्या मागच्या मेपलखाली उभ्या राहून वर पाहत होत्या आणि पिंपळ नसेल तर तो इथे राहू शकेल का, यावर त्यांची गंभीर चर्चा चालली होती. एका पालकांनी माझ्याकडे तक्रारही केली की मुलगी आता गाडी त्या झाडाखाली लावू देत नाही. मोगराताई, तुमचे म्हणणे मला पटते. त्यात एवढीच भर घालीन की जमीन ओळखीची नसेल तर मुले ती गोष्ट उचलून स्वतःच्या जमिनीवर आणतात.

खडूफळा

मी जुन्नर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवतो. धागा वाचून लिहावेसे वाटले, कारण आमच्याकडचे चित्र थोडे वेगळे आहे.

आमचा भाग उसाचा आहे आणि उसात बिबटे राहतात. मादी पिलेसुद्धा तिथेच घालते, त्यामुळे तोडणीच्या वेळी पिले सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे आणि आमच्या मुलांना ते चांगले माहीत आहे. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीची असते, तेव्हा वडिलांबरोबर बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणारी मुले माझ्या वर्गात आहेत. अशा मुलांना भुताची गोष्ट वाचून दाखवावी की नाही, याविषयी मी पुष्कळ दिवस साशंक होतो.

मी 'किशोर'च्या जुन्या अंकांतून एक-दोन गूढकथा निवडल्या (बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात) आणि वाचून झाल्यावर मुलांना स्वतःची गोष्ट लिहायला सांगितले. शहरातल्या मुलांनी लिहिले असते तसे पडके वाडे आणि पांढऱ्या साड्या मला अपेक्षित होत्या. एका मुलाने मात्र लिहिले की तो आणि त्याचे वडील रात्री विहिरीवर गेले, बॅटरीच्या उजेडात उसाच्या कडेला दोन डोळे चमकले, वडिलांनी त्याला पाठीशी घेतले आणि दोघे मोठमोठ्याने बोलत मागे सरकले. एवढे झाल्यावर त्याच्या गोष्टीत एक भूत येते, बिबट्याला हाकलून देते आणि मोटारही चालू करते.

मी त्याला भूत कशाला घातले, असे विचारले. त्याने सांगितले की डोळे दिसले तिथपर्यंतचे खरे आहे. पण त्या रात्री मोटार चालू न करताच घरी यावे लागले आणि कांद्याचे पाणी चुकले, म्हणून गोष्टीत तेवढे काम करून घेतले. आता वर्गात या भुताचे पुढचे भाग लिहिले जातात. ते फ्यूज बांधते, डीपीवर (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर) चढते आणि वायरमन येण्याची वाट पाहत नाही.

निवृत्त वाचक

गुरुजी, असे भूत आमच्या सोसायटीतही हवे आहे. वह्या जपून ठेवाव्यात, ही आग्रहाची विनंती.

तिसरी घंटा

पुस्तक नव्हे, नाटक. पण विषयाला धरूनच आहे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण ज्यांनी लहानपणी पाहिली असेल त्यांना नाट्यगृहातला तो कल्लोळ आठवेल. आमच्या वेळी दिलीप प्रभावळकर चिंची होत असत. ती रंगमंचावर आली की पुढच्या रांगांतली मुले किंचाळत आणि तीच मुले पुढच्या क्षणी तिला उलट उत्तरे देत. माझा धाकटा भाऊ खुर्चीखाली जाऊन बसला, पण तिथूनही तो तिच्याशी वाद घालीत होता. गूढकथाकार मतकरी आणि हे मतकरी एकच, हे मला कॉलेजात गेल्यावर समजले आणि मग चिंचीचा विलक्षण नेमका बेत कुठून आला असावा, याचा उलगडा झाला.

हुगळीकाठचा

माझ्या वडिलांची नोकरी कोलकात्याला असल्यामुळे आमच्या घरी मराठी आणि आजूबाजूला बंगाली असा प्रकार होता. बंगाली मुलांचा फेणे म्हणजे सत्यजित राय यांचा फेलूदा. राय यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर यांनी, १९१३ साली सुरू केलेले 'संदेश' हे मुलांचे मासिक राय यांनी १९६१ मध्ये पुन्हा काढले आणि १९६५ मध्ये त्यातच फेलूदा प्रथम आला. तो हुशार आहेच. परंतु गोष्ट सांगतो त्याचा चुलत भाऊ तोपसे, म्हणजे वाचणाऱ्या मुलाच्याच वयाचा मुलगा, आणि त्यामुळे प्रत्येक धागादोरा आपल्यालाही त्याच वेळी दिसतो व आपल्यालाही तो कळत नाही.

फेलूदाचा पत्ता २१, रजनी सेन रोड असा दिलेला आहे. दक्षिण कोलकात्यात तो रस्ता खरोखरच आहे; वर्गातल्या मित्रांबरोबर मी त्या रस्त्यावर घरांचे क्रमांक वाचीत हिंडलो आहे. एका वृद्ध बाईंनी खिडकीतून विचारले, "फेलूला शोधताय का?" आम्ही मान डोलावली, तेव्हा त्यांनी अत्यंत गंभीरपणे सांगितले की तो तपासासाठी बाहेरगावी गेला आहे. पुण्यातल्या कोणी विद्याभवन शोधीत आलेल्या मुलाला असे उत्तर दिले असेल का?

मोगरा

पुण्यात त्या मुलाला आधी विचारले असते, की इतक्या दुपारी बेल का वाजवलीत. फेलूदाची मराठी भाषांतरे अशोक जैन यांनी केलेली आहेत, ती भाच्यासाठी आणायची आहेत. सुरुवात कोणत्या कथेपासून करावी?

हुगळीकाठचा

'सोनार केल्ला'पासून. रहस्यकथा लिहिणारे आणि उंटाच्या केवळ कल्पनेने हरखून जाणारे लालमोहनबाबू, म्हणजे जटायू, तिथेच पहिल्यांदा भेटतात, आणि ते आले की गोष्टीतली भीती अर्धी हसण्यावारी जाते. तुमचा भाचा नकाशे पाहणारा दिसतो, तेव्हा राजस्थानचा नकाशा जवळ ठेवावा. जोधपूर ते जैसलमेर हे अंतर तो स्वतः मोजील.