मंदीचा जाब कोणी द्यायचा? (सोसायटी ग्रुप, चिंचवड, २१ सप्टेंबर २०१९)

बी-४०२: मुलाच्या चाकणच्या कारखान्यात पुन्हा ब्लॉक क्लोजर (काही दिवस उत्पादन बंद) लागला असून कंत्राटी कामगारांना घरी बसवले आहे. ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची विक्री ३१ टक्क्यांहून अधिक घटली, देशाचा तिमाही विकासदर ५ टक्क्यांवर आला. तरी याचा जाब कोणी द्यायचा, हे एकही मंत्री सांगत नाही.

ए-१०१: आदरणीय काका, २०१३ च्या जानेवारी-मार्च तिमाहीत हाच दर ४.३ टक्के होता. तेव्हा आपण कोणाला जाब विचारलात, हे कृपया सांगावे.

बी-४०२: २०१४ च्या मतदानात विचारला, आपणही विचारलात. आता नियम बदलू नये, एवढेच.

सी-२०३: अर्थमंत्री म्हणतात, तरुण पिढी हप्त्यावर गाडी घेण्याऐवजी ओला-उबरने फिरते. मग आमच्या पार्किंगमध्ये रोज कोणाची पांढरी गाडी उभी असते?

ए-१०१: ती पाहुण्यांची आहे, हे मी यापूर्वीही कळवले आहे. २०१३ मध्ये दर ४.३ टक्के होता.

ए-३०४: नोटाबंदीने रोखीवर चालणारे छोटे पुरवठादार खचले, जीएसटीचे परतावे अडकले, आणि गेल्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस या बड्या वित्तकंपनीने हप्ते थकवल्यावर, ज्यांच्या कर्जावर गाड्या खपत होत्या, त्या बिगरबँक वित्तसंस्थांनीच हात आखडला. यांतील पहिले दोन निर्णय सरकारचे. त्यांचे श्रेय घेताना जागतिक परिस्थितीचे नाव कोणी काढले नव्हते. काल गोव्यात कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर झाले, पण ज्या कारखान्याला गिऱ्हाईकच नाही, त्याने नफ्यावरील सवलत घेऊन काय करावे?

सचिव: सर्व सभासदांना नम्र विनंती, हा ग्रुप पाणी, लिफ्ट व मेंटेनन्स यांपुरताच आहे.

बी-४०२: सचिव महोदय, मेंटेनन्सची थकबाकी का वाढली, हेच तर आम्ही शोधत आहोत.

ए-१०१: आजच विधानसभा निवडणूक जाहीर झाली आहे. २१ ऑक्टोबरला खुशाल जाब विचारावा, मात्र ४.३ टक्के विसरू नये.

ए-३०४: दादा, अर्थखाते दिल्लीत आणि मतदान राज्याचे. इथला उमेदवार म्हणेल, हे माझ्या हातात नाही; दिल्लीकर म्हणतील, जनतेने कौल दिला आहे.

बी-४०२: तर मग प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने सोसायटीच्या हॉलमध्ये याच एका प्रश्नाचे उत्तर द्यावे, असा ठराव मी मांडतो.

सचिव: हॉलसाठी लेखी अर्ज आवश्यक आहे. अनामत रक्कम राजकीय पक्षांनाही माफ नाही.