बैठं काम, घरच्या घरी व्यायाम: सुरुवात किती जोरात करायची आणि प्रथिनं किती?

खुर्चीवाला
वय ४२, वजन ७० किलो, काम दिवसभर बसून. कुठलंही औषध चालू नाही. घरीच रोज अर्धा तास देता येईल, उपकरणं काही नाहीत. ३० बैठका काढल्या की दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरवत नाही. हे दुखणं चालायचंच की थांबायला हवं? आधी स्ट्रेचिंग केलं तर टळेल का? आणि खाण्यात प्रथिनं किती हवीत, पावडर घ्यावीच लागते का?

समतोल_पाऊल
जिना *उतरताना* दुखतं, त्यातच उत्तर आहे. खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि सवय नसलेल्या स्नायूला अशा कामाने सूक्ष्म इजा होते. हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवतं आणि मग आपोआप ओसरतं. दोन्ही मांड्यांत सारखं, दाबलं की ठणकणारं, थोडं चाललं की सैल होणारं असेल तर काळजी नको. पण एकाच गुडघ्यात टोचणारी कळ, सूज, गुडघा अडकणं किंवा एकदम निसटल्यासारखा वाटणं, हे स्नायूचं दुखणं नव्हे. तिथे बैठका बंद करून दाखवून घ्या. आणि अतिव्यायामानंतर स्नायू प्रचंड सुजले, लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. फुटलेल्या स्नायूंतलं द्रव्य मूत्रपिंडाला इजा करू शकतं.

स्ट्रेचिंगने हे दुखणं टळत नाही, आधी करा की नंतर. आधी ५ मिनिटं वॉर्मअप करा: जागच्या जागी चालणं, खांदे-घोटे फिरवणं, मग अर्ध्या खोलीच्या ६-७ बैठका. स्ट्रेचिंग लवचीकतेसाठी करायचं असेल तर शेवटी करा.

खरी चूक ३० या आकड्यात आहे. सुरुवात अशी करा: साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेत. मोजत ३ सेकंदांत खाली जा, खुर्चीला हलका स्पर्श करा, श्वास सोडत उठा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम वाढतो, म्हणून हे सांगतो. ८ वेळा, मग दीड-दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा ८. बस्स. 'अजून दोन-तीन निघाल्या असत्या' असं वाटत असतानाच थांबायचं. पुन्हा बैठका ४८ तासांनी. गुडघे आत वळायला लागले तर तो सेट तिथेच संपला असं समजा, संख्या पुरी करायच्या मागे लागू नका.

भिंतीवरचे_जोर
वरच्या उत्तरात फक्त पाय आले. त्याच दिवशी भिंतीला हात टेकून जोर, पाठीवर झोपून कंबर उचलणं (वर २ सेकंद थांबून) आणि पाठीवरच्या बॅगेत पुस्तकं भरून, कंबरेतून वाकून, ती पोटाकडे ओढणं, हे प्रत्येकी ८-१० चे दोन सेट घ्या. बॅग ३-४ किलोची पुरते, पाठ सरळ राहिली पाहिजे. दोन्ही सेटमध्ये १२ आरामात जमायला लागले की मगच पुढची पायरी: भिंतीऐवजी भक्कम टेबल, नंतर जमीन. घाई नको म्हणतो त्याला कारण आहे. स्नायू काही आठवड्यांत तगडे होतात, स्नायूबंधांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात टाच किंवा कोपर धरतं ते बहुतेक याचमुळे.

मधल्या दिवशी चालणं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला मध्यम जोराची १५० ते ३०० मिनिटं आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम अशी आहे. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाता येत नाही. नाडी मोजत बसू नका. बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी औषधं) घेणाऱ्यांना तर नाडीचा आकडा फसवतो.

मोजून_मापून
खाण्याबद्दल. निरोगी प्रौढाची किमान गरज दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५६. स्नायूंचा व्यायाम सुरू केल्यावर १.२ धरा, म्हणजे ८४ ग्रॅम. एका जेवणात सगळं कोंबण्यापेक्षा तीन वेळा २०-२५ ग्रॅम आणि उरलेलं मधल्या खाण्यात.

हिशेब चुकतो तो कच्च्या-शिजलेल्यात. १०० ग्रॅम कोरड्या मसुरात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, पण शिजताना मसूर पाणी शोषतो, म्हणून १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरात सुमारे ९ ग्रॅमच असतात. लोक शिजलेली वाटी मोजतात आणि कोरड्याचा आकडा लावतात. एका अंड्यात ६, एक पेला (२०० मिली) दुधात साधारण ६.५. कडधान्यं, दूध, अंडी यांत भागलं तर पावडरची गरज नाही. नाहीच भागलं तर पावडर म्हणजे फक्त सोय. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

कडधान्यं एकदम दुप्पट केली की पोट फुगतं आणि माणूस सगळंच सोडून देतो. दर आठवड्याला थोडी वाढवा, सोबत पाणीही. ताटाचा अर्धा भाग भाज्या ठेवा, मिठाचा एकूण खर्च दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, पाकिटातलं खाणं यांतलंही मीठ त्यात धरायचं.

खुर्चीवाला
मसुराचा घोळ माझ्याकडून तस्साच व्हायचा होता. एकच शंका: मध्ये तापाने आठवडा-दोन आठवडे खंड पडला तर?

समतोल_पाऊल
ताप असताना काहीच करू नका. तो उतरून एक-दोन दिवस नेहमीचं खाणं-चालणं जमलं की आधी चालण्याने सुरुवात. बैठका, जोर निम्म्या संख्येने, एकच सेट. दुसऱ्या दिवशी अंग फार भरलं नाही तर पुढच्या वेळी दुसरा सेट जोडा. छातीत दुखलं, धडधड झाली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबून तपासून घ्या.

मोजून_मापून
मधुमेहासाठी इन्शुलिन घेणारे कुणी हे वाचत असतील तर: व्यायामाआधी साखर मोजा आणि १५ ग्रॅम ग्लुकोज जवळ ठेवा. साखर उतरण्याचा धोका व्यायाम संपल्यावरही काही तास राहतो, रात्री झोपेतसुद्धा. डोस स्वतःच्या मनाने बदलू नका.