सरासरी 20 मिलिसेकंदांचे काम, तरी ग्राहक सेकंदभर ताटकळतो: सूत्र कुठे अडते?

मुलुंडकर
नमस्कार. अंधेरीतल्या एका वित्तसेवा कंपनीत मी बॅकएंडचे काम पाहतो. आमची खातेविवरणाची सेवा एकाच प्रोसेसमध्ये चालते आणि रिक्वेस्ट आल्या त्या क्रमाने, एकामागून एक हातावेगळ्या करते. सव्वानऊला शेअर बाजार उघडला की सेकंदाला सुमारे 40 रिक्वेस्ट येतात. एका रिक्वेस्टच्या कामाला सरासरी 20 मिलिसेकंद लागतात, म्हणजे सर्व्हर 80 टक्के व्यग्र असतो. पाठ्यपुस्तकातल्या एम/एम/1 प्रारूपाप्रमाणे (एकच सर्व्हर असलेल्या रांगेचे सर्वांत साधे गणित) प्रतिसादकाल 20 भागिले 0.2 (सर्व्हर रिकामा असण्याचा वाटा), म्हणजे 100 मिलिसेकंद यायला हवा. प्रत्यक्षात तो 1 सेकंदाच्या आसपास भरतो. "पुस्तकी गणित ठेवा बाजूला आणि मशीन वाढवा," असे साहेबांचे म्हणणे आहे. खर्च मंजूर करून घेण्याआधी कारण कळले तर बरे होईल.

परळचा गणिती
आधी मोजमापच तपासून घ्या. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की प्रणालीत सरासरी जितक्या रिक्वेस्ट असतात, ती संख्या आगमनाचा दर आणि प्रत्येकीचा मुक्काम यांच्या गुणाकाराइतकी असते. आगमने कशीही होवोत, कामे लहान असोत वा मोठी, दीर्घकालीन सरासरीसाठी तो लागू पडतो. तुमच्या रांगेत, चालू काम धरून, सरासरी 40 रिक्वेस्ट दिसत असतील तर 1 सेकंद हा आकडा खरा आहे आणि दोष प्रारूपाच्या निवडीत आहे. सरासरीबरोबर कामाच्या वेळेचे प्रमाण विचलनही, म्हणजे वेळा सरासरीपासून किती विखुरलेल्या आहेत त्याचे माप, कळवा.

मुलुंडकर
रांगेत चाळिशीच्या आसपासच रिक्वेस्ट आहेत. लॉग पाहिल्यावर असे दिसले की शंभरातली एक रिक्वेस्ट वर्षभराच्या विवरणाची पीडीएफ मागते आणि तिला पुरता 1 सेकंद लागतो. बाकीच्या 99 जेमतेम 10 मिलिसेकंदांत होतात.

परळचा गणिती
मग कोडे सुटलेच. एम/एम/1 मध्ये कामाचा वेळ घातांकी वितरणाचा धरलेला असतो, म्हणजे प्रमाण विचलन सरासरीइतकेच. तुमच्याकडे ते सरासरीच्या जवळजवळ पाचपट आहे. अशा वेळी पोलाचेक आणि खिंचिन यांचे सूत्र वापरावे. त्यात सरासरी प्रतीक्षा कामाच्या वेळेच्या वर्गाच्या सरासरीवर ठरते आणि या वर्गामुळेच ती एक पीडीएफ उरलेल्या नव्व्याण्णवांना भारी पडते. तुमचे आकडे घालून पाहा: सेकंदाच्या एककात वर्गाची सरासरी सुमारे 0.0101, तिला 40 ने गुणून 0.4 ने (रिकाम्या वाट्याच्या, 0.2 च्या, दुपटीने) भागले की प्रतीक्षा 1.01 सेकंद येते. लोकलच्या तिकीट खिडकीवर पुढचा माणूस चार जणांचे पास काढत बसला की मागच्यांची गाडी सुटते, तसलाच प्रकार आहे हा.

चारकोप
गणित पटले, पण उपायाचे काय? लहान कामांना अग्रक्रम देऊन मी हिशेब केला, तर त्यांची प्रतीक्षा सुमारे 0.33 सेकंदांपर्यंतच उतरते, कारण एकदा सुरू झालेली पीडीएफ मध्येच थांबत नाही. त्यापेक्षा त्याच मशीनवर सगळ्या कामांना आळीपाळीने थोडा थोडा वेळ दिला तर लहान काम 50 मिलिसेकंदांत आणि पीडीएफ 5 सेकंदांत होते. सरासरी 100 मिलिसेकंद, म्हणजे मुलुंडकरांचा मूळ आकडाच! या पद्धतीत सरासरी प्रतिसादकाल कामाच्या वेळा कशा विखुरल्या आहेत त्यावर अवलंबून राहत नाही, अर्थात कामे बदलताना जाणारा वेळ नगण्य असला तर. दुसरे मशीन घ्यायचेच असेल तर ते केवळ पीडीएफला द्यावे. लहान कामांची प्रतीक्षा सुमारे 3 मिलिसेकंदांवर येईल आणि पीडीएफही थोडा वेळ थांबून दीड सेकंदाच्या आत हाती पडेल. साहेबांचे मशीन तसे वाया जाणार नाही, फक्त त्यावर काय चालवायचे ते त्यांनी ठरवू नये.

परळचा गणिती
एक सावधगिरी बाळगा. हे सारे हिशेब रिक्वेस्ट एकमेकींशी संबंध न ठेवता येतात असे धरून केलेले आहेत, आणि बाजार उघडतानाचा लोंढा तसा नसतो. शिवाय लोड टेस्टमध्ये, म्हणजे कृत्रिम भार टाकून घेतलेल्या चाचणीत, ठरावीक आभासी वापरकर्ते उत्तर मिळेपर्यंत थांबून मगच पुढची रिक्वेस्ट पाठवत असतील, तर सर्व्हर मंदावताच भारही आपोआप कमी होतो आणि निकाल फसवा चांगला दिसतो. चाचणी घेताना रिक्वेस्ट उत्तराची वाट न पाहता ठरलेल्या दराने सोडा.