मदत हवी आहे : फसवणुकीचे कँटोनीज वाक्प्रचार

नमस्कार मंडळी,

हाँगकाँगला नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी बाजारात, मिनीबसमध्ये, लिफ्टमध्ये कानावर पडणाऱ्या कँटोनीज शब्दांची यादी करतेय. फसण्या-फसवण्याच्या शब्दांपाशी गाडी अडली आहे.

काही सरळ आहेत. 'ङाक' म्हणजे फसवणं. 'वन पन' म्हणजे समोरच्याला येडं समजून लुबाडणं. 'चोंग फुक' म्हणजे दबा धरून बसलेल्या शत्रूच्या तावडीत सापडणं. हल्ली हॉटेलात टुकार जेवण निघालं तरी तेच म्हणतात. 'सोय यू' हे मऊ पाठीचं कासव, म्हणजे आपला बकरा. तो कापतात, तसं हेही कापतात!

अडलंय ते 'माय च्यू चाय'वर. शब्दशः, डुकराची पिल्लं विकणं. परवा रात्री युनलाँगकडे जाणाऱ्या लाल मिनीबसमध्ये मोजकेच प्रवासी होते. ड्रायव्हरने मध्येच थांबवून सगळ्यांना मागच्या गाडीत बसायला सांगितलं. पिशव्या सावरत उतरताना एक आजोबा जोरात म्हणाले, "माय च्यू चाय!" यामागे फार वाईट इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात भूलथापा देऊन किंवा पळवून नेलेल्या दक्षिण चीनमधल्या मजुरांना 'पिल्लं' म्हणत. मकाऊच्या कोठारांत कोंडून त्यांना जहाजांनी क्युबा, पेरूला पाठवत. 1847 ते 1874 दरम्यान एकट्या क्युबात सव्वा लाखाच्या आसपास माणसं गेली. मराठीत 'वाऱ्यावर सोडलं' म्हणावं तर त्यात परस्पर विकणं येत नाही. दुसरं काही सुचतंय का? आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांनी हे वडीलधाऱ्यांसमोर बोललेलं चालेल का? कुणाचं मन दुखावायला नको.

दुसरी अडचण गोड आहे. फोनवर कुणी दामदुपटीचं आमिष दाखवलं की शेजारच्या आजी म्हणतात, "एवढा मोठा बेडूक रस्त्यावर मोकाट उड्या मारत फिरेल होय?" इथे बेडूक आवडीने खातात, त्यामुळे एवढा मोठा दिसला तर कुणीतरी कधीच उचलला असता. इतकं आयतं मिळतंय तर काहीतरी काळंबेरं असणार, हा अर्थ. असा टोमणा मारणारी म्हण कोकणात, वऱ्हाडात, खानदेशात कुठे ऐकली आहे का? आजी-आजोबांच्या तोंडची असेल तर फारच छान. फसवे फोन वयस्कर माणसांनाही येतात, म्हणून ही ओळ यादीत अगदी वर घ्यायची आहे.

उच्चारांत चूक दिसली तर तीही जरूर सांगा.